वाचकांचे प्रश्न : पिकोस दे युरोपाच्या घळया आणि पायवाटा

मागील अंकातील या सदरात उत्तर स्पेनमधील ‘पिकोस दे युरोपा’ या चुनखडीच्या पर्वतप्रदेशाचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर आलेली पत्रे पाहता यावेळचे सदर त्या एकाच विषयाला देणे योग्य वाटले. बऱ्याच पत्रांत तेच ते प्रश्न असल्यामुळे ते एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे बिल्बाओला जाणार आहोत. नकाशावर पिकोस दे युरोपा जवळच दिसते. एका दिवसात घळई, कोवादोंगाची सरोवरे आणि फुएंते देचा रोपवे असे तिन्ही पाहून परत येता येईल का?

उत्तर : येणार नाही. बिल्बाओहून डोंगराच्या पायथ्याशी जाऊन परत येण्यातच चार ते पाच तास जातात. पण खरी अडचण आहे ती या डोंगराच्या रचनेची. समुद्रकिनाऱ्यापासून जेमतेम वीस किलोमीटरवर उभ्या असलेल्या या पर्वताचे नद्यांनी चिरून तीन तुकडे केले आहेत. पश्चिमेचा आणि मधला डोंगर यांच्यामध्ये कारेस नदी वाहते, मधला आणि पूर्वेचा यांच्यामध्ये दुहे, तर बाहेरच्या दोन बाजू सेया आणि देवा या नद्यांनी कातून काढल्या आहेत. मोटाररस्ते हे डोंगर ओलांडत नाहीत, त्यांना वळसा घालतात. घळईच्या वाटेचे उत्तरेकडील टोक असलेले पोंसेबोस आणि दक्षिणेकडील रोपवेचे फुएंते दे यांच्यातील सरळ अंतर पंधरा किलोमीटरसुद्धा नाही. परंतु गाडीने जायचे तर सुमारे ऐंशी किलोमीटरचा फेरा पडतो आणि वळणांचा रस्ता दीड-दोन तास सहज घेतो. तेव्हा नकाशावर पट्टी ठेवून बेत आखण्याची सवय इथे सोडून द्यावी.

माझे मत विचाराल तर किमान पाच रात्री द्याव्यात आणि मुक्काम दोन ठिकाणी वाटावा. पहिल्या तीन रात्री उत्तर बाजूला आरेनास दे काब्रालेस या गावात काढाव्यात, कारण तिथून पोंसेबोस अगदी जवळ आहे आणि सरोवरांकडे जाण्यासाठी कांगास दे ओनिसही गाठता येते. उरलेल्या दोन रात्री पूर्वेच्या पोतेस या गावी काढाव्यात. आरेनासहून पोतेसला जाणारा रस्ता देवा नदीच्या ला एर्मिदा या २१ किलोमीटर लांबीच्या घळईतून जातो. पायी न चालताही एखादी घळई आतून कशी असते हे पाहायचे असेल, तर तो प्रवास दिवसाउजेडी करावा आणि गाडी चालवणाऱ्यावर दया म्हणून मध्ये एकदोनदा थांबावे.

सरोवरांविषयी एक सूचना. एनोल आणि एरसिना या दोन सरोवरांकडे जाणारा रस्ता उन्हाळ्यात आणि सुट्यांच्या काळात दिवसा खासगी गाड्यांना बंद असतो. त्या वेळी कांगास दे ओनिस किंवा कोवादोंगा येथून बसने जावे लागते. तो चढ किती खडा आहे याची कल्पना सायकलप्रेमी वाचकांना असेलच. १९८३ पासून ‘वुएल्ता’ या स्पेनच्या सायकल शर्यतीचा टप्पा अनेकदा याच घाटाच्या माथ्यावर संपला आहे.

प्रश्न : माझे वय ६६ आणि पत्नीचे ६२. रोज पाच-सहा किलोमीटर चालण्याची सवय आहे. मात्र खोल दरीच्या कडेने चालताना माझे पाय लटपटतात. कारेस घळईची वाट आम्हाला जमेल का? एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडता येते का?

उत्तर : आपल्या पत्रात दमाचा आणि दरीच्या भीतीचा असे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

आधी दमाचे पाहू. पोंसेबोस ते काईन ही वाट एका दिशेने सुमारे १२ किलोमीटरची आहे. जाऊन-येऊन २४ किलोमीटर आणि सहा ते सात तासांची चाल होते. वाट सपाट असल्याचे सर्वत्र छापलेले आढळते, पण ते अर्धसत्य आहे. पोंसेबोसकडून निघाल्यास सुरुवातीलाच सुमारे तीनशे मीटरचा चढ आहे, तोही सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून आणि सावली नसलेल्या उतारावरून. तो संपला की पुढची वाट खरोखरच जवळजवळ सपाट होते. परतीला मात्र थकल्या गुडघ्यांनी तोच घसारा उतरायचा असतो, हे निघतानाच लक्षात ठेवलेले बरे.

ही वाट सपाट का आहे, यामागची हकीकत सांगण्यासारखी आहे. काईन येथे कारेसचे पाणी वळवून पोंसेबोस येथील वीजकेंद्रापर्यंत नेण्यासाठी १९१५ ते १९२१ या काळात कड्याच्या पोटातून एक पाट काढण्यात आला. त्या पाटाची देखभाल करणाऱ्या कामगारांना वर्षभर ये-जा करता यावी म्हणून पुढे १९४५ ते १९५० दरम्यान कातळ फोडून आजची वाट तयार केली गेली. ही वाट पर्यटकांसाठी कधी बांधलेलीच नव्हती. पाण्याला जेवढा उतार लागतो तेवढाच तिला आहे, आणि पाण्याला कठड्याची गरज नसते म्हणून बहुतेक ठिकाणी तिला कठडाही नाही.

इथे आपला दुसरा प्रश्न येतो. वाटेची रुंदी साधारण दीड मीटर आहे. दोन माणसे शेजारून सहज जाऊ शकतात, आणि वाट स्वतः पायाला घट्ट आहे. तरीही काही ठिकाणी एका हाताला पाटाचे पाणी काठोकाठ, आवाज न करता, घाईने वाहत असते आणि दुसऱ्या हाताला काहीच नसते. नदी इतकी खाली असते की ती दिसण्याआधी ऐकू येते. ज्यांना दरीकडे पाहून नुसती धाकधूक होते त्यांनी कड्याच्या बाजूने, नजर समोर ठेवून चालावे. त्यांना ही वाट जमते. ज्यांचे पाय खरोखर जागीच थिजतात त्यांनी मात्र भिडेखातर पुढे जाऊ नये.

आपल्यासारख्यांनी पोंसेबोसऐवजी दक्षिणेच्या काईन गावातून शिरावे, असा माझा आग्रह राहील. तिकडून आरंभीचा चढ नाही, आणि घळईचा सर्वांत अरुंद, सर्वांत देखणा भाग काईनपासून पहिल्या तीन-चार किलोमीटरमध्येच आहे. गाव सोडल्यावर थोड्याच वेळात वाट कातळात खोदलेल्या बुटक्या बोगद्यांत शिरते. छतातून थेंब टपकत असतात, पायाखाली डबकी असतात, उंच माणसाला मान वाकवावी लागते, आणि भिंतीत फोडलेल्या झरोक्यांतून अधूनमधून उजेडाची तिरीप आत येते. अशा एका झरोक्याशी थांबून बाहेर डोकावले, तर समोरचा कडा हाताने शिवता येईल असा वाटतो. पुढे पुलांवरून वाट नदीच्या या तीरावरून त्या तीरावर जाते. तेवढे पाहून, मन मानेल तिथून मागे वळावे. सात-आठ किलोमीटरची, चढउतार नसलेली चाल होईल आणि घळई पाहिली नाही असे कोणी म्हणणार नाही. काईनला जाणारा मोटाररस्ता अतिशय अरुंद आहे, एवढे मात्र गाडी चालवणाऱ्याला आधी सांगून ठेवावे.

एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडता येते. परंतु दोन टोकांमधील मोटाररस्ता शंभर किलोमीटरहून जास्त आहे आणि त्याला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. हंगामात आपल्याला एका टोकाला सोडून दुसऱ्या टोकाला घ्यायला येणाऱ्या गाड्या मिळतात, पण त्या आधी ठरवाव्या लागतात. म्हणूनच बहुतेक जण आल्या वाटेने परततात, आणि त्यात वाईट काही नाही. सकाळी सावलीत असलेला कडा दुपारी उजळलेला असतो.

शेवटचा धोका दरीचा नव्हे, वरून पडणाऱ्या दगडांचा आहे. पाऊस झाल्यावर, वारा सुटल्यावर आणि विशेषतः वरच्या कपारींत शेळ्या किंवा रानशेळ्या फिरत असताना दगड सुटतात. दगड पडण्याच्या भीतीने वाट काही काळ बंदही ठेवली जाते. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करावी, आणि जेवणासाठी बसताना कड्याखाली न बसता बाहेर आलेल्या छताखाली बसावे.

प्रश्न : या भागात पाऊस भरपूर पडतो, खालचा सगळा प्रदेश हिरवागार आहे असे आपणच लिहिले होते. मग वरच्या वाटांवर माणशी तीन लिटर पाणी वाहून नेण्याचा सल्ला कशासाठी?

उत्तर : हा प्रश्न सह्याद्रीत चालणाऱ्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. आपल्या काळ्या कातळात टाके खोदले की पावसाचे पाणी त्यात वर्षभर राहते. ज्याने गडावरचे टाके पाहिले आहे त्याला डोंगर आणि पाणी ही जोडी वेगळी कल्पिताच येत नाही. चुनखडीचा स्वभाव नेमका उलटा आहे. पावसाचे पाणी हवेतील आणि त्याहून अधिक मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. हे सौम्य आम्ल चुनखडीतील कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते. दगडाला आधीपासून असलेल्या भेगा अशा प्रकारे हजारो वर्षांत रुंदावत जातात, त्यांच्या नळ्या होतात, नळ्यांच्या गुहा होतात, आणि वर पडलेले पाणी पृष्ठभागावर वाहण्याऐवजी त्या भेगांतून सरळ खाली उतरते.

या डोंगरातील बहुतांश चुनखडी तीस कोटी वर्षांहून जुनी आहे. एका उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी सागरी जीवांच्या कवचांचा थर साचून ती बनली. तिची जाडी प्रचंड असल्याने पाणीही प्रचंड खोल जाते. इथल्या मधल्या डोंगरातील ‘तोर्का देल सेरो देल कुएवोन’ या गुहेची खोली १,५८९ मीटर मोजली गेली आहे. म्हणजे आपण उन्हात ओठ कोरडे करून चालत असतो तेव्हा पाणी असतेच, फक्त ते आपल्या तळव्यांखाली दीड किलोमीटरवर, अंधारात वाहत असते, आणि शेवटी घळईच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते.

वर चालताना याच्या खुणा पावलोपावली दिसतात. उंचावर वाडग्यासारखे मोठे खोलगट भाग आहेत; स्थानिक बोलीत त्यांना ‘होउ’ म्हणतात आणि नकाशावर तो शब्द अनेक नावांत आढळेल. चहूबाजूंनी बंद असलेला असा खड्डा आपल्याकडे असता तर त्यात तलाव झाला असता. इथे तळाशी दगडगोटे आणि कोपऱ्यात घाणेरडा बर्फ, एवढेच. आजूबाजूच्या कातळावर पाण्याने कोरलेल्या पन्हळी असतात, आणि दोन पन्हळींमधली कड इतकी धारदार असते की तोल सावरायला टेकलेला तळहात सोलवटून निघतो. मी स्वतः पहिल्या खेपेस नकाशावरील निळ्या ठिपक्यावर विसंबून एकच बाटली घेऊन गेलो होतो. तो ठिपका म्हणजे झरा होता खरा, पण ऑगस्टमध्ये त्याजागी ओलसर शेवाळ्याचा एक पट्टा उरला होता, आणि त्याच्याभोवती माझ्यासारखेच फसलेले तिघे जण बसलेले होते.

आता आपण विचारू शकता की मग एनोल आणि एरसिना ही सरोवरे टिकली कशी. त्यांचे श्रेय हिमयुगाला आहे. हिमनद्यांनी तिथले खोलगट भाग कोरले आणि दळलेल्या दगडाचा बारीक, चिकट गाळ त्यांत आणून टाकला. त्या लिंपणामुळे तळ गळत नाही. एक हजार मीटरच्या थोडे वर असलेल्या त्या हिरव्या कुरणांतून थोडे दूर गेले, की पुन्हा कोरडा पांढरा दगड सुरू होतो. त्यामुळे तीन लिटरचा सल्ला कायम आहे. वाटेत आश्रयगृह असेल तर तिथे पाणी भरून घेता येते, मात्र ते वाटेत आहे की वाटेच्या शेवटी, हे आधी पाहावे. पाटाचे किंवा उघड्या ओहोळाचे पाणी न उकळता, न गाळता पिऊ नये. वर गुरे चरत असतात.

प्रश्न : ‘नारांहो दे बुल्नेस’ हे शिखर सर करण्याची इच्छा आहे. आम्ही दरवर्षी दोन-तीन मोठे ट्रेक करतो. वाटाड्या घेतल्यास जमेल का? वर तंबू लावता येतो का?

उत्तर : ट्रेक कितीही केले असले तरी हे शिखर चालून सर होत नाही. २,५१९ मीटर उंचीच्या या सुळक्याला, ज्याला स्थानिक लोक ‘पिकू उरिएयू’ म्हणतात, चालत जाण्याची वाटच नाही; सर्वांत सोप्या बाजूनेही दोर लावून प्रस्तरारोहण करावे लागते. आपल्यापैकी कोणी नियमित प्रस्तरारोहण करत असेल तर प्रमाणित मार्गदर्शकाबरोबर विचार करावा. इतरांनी त्याच्या पायथ्यापर्यंत जावे, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. सोत्रेस गावाच्या वरच्या पांदेबानो खिंडीतून निघाल्यास अडीच-तीन तासांत १,९५३ मीटरवरील उरिएयू आश्रयगृह येते, आणि पश्चिमेची ती सुमारे पाचशे मीटरची सरळ भिंत अंगणासमोर उभी राहिल्यासारखी दिसते. मावळतीला तिचा करडा दगड नारिंगी होतो.

हा सुळका ५ ऑगस्ट १९०४ रोजी पहिल्यांदा सर झाला. वर गेलेले दोघे होते : बिय्याविसियोसाचा सरदार पेद्रो पिदाल आणि काईन गावचा मेंढपाळ ग्रेगोरियो पेरेस. मेंढपाळ अनवाणी चढला होता. याच पिदालने पुढे स्पेनमधील राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यासाठी खटपट केली आणि १९१८ मध्ये कोवादोंगा हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. १९९५ मध्ये ते वाढवून तिन्ही डोंगरांचे ‘पिकोस दे युरोपा’ उद्यान करण्यात आले; आज त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६७ हजार हेक्टर आहे. पिदालची समाधी त्याच्या इच्छेनुसार याच डोंगरात, ऑर्दियालेसच्या कड्यावर आहे.

तंबूविषयी : उद्यानात मन मानेल तिथे तंबू ठोकण्यास मनाई आहे. वर राहायचे असेल तर आश्रयगृहात जागा आधी राखून ठेवावी. जुलै-ऑगस्टमध्ये आयत्या वेळी गेलेल्यांची पंचाईत होते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. डोंगराळ खेड्यांत काय मिळेल? तिथले गुहेतले चीज प्रसिद्ध आहे, ते आम्ही खाऊ शकतो का?

उत्तर : कष्ट पडतील, उपाशी राहणार नाही. उत्तर बाजूच्या आस्तुरियास प्रांताची प्रसिद्ध ‘फाबादा’ म्हणजे पांढऱ्या मोठ्या घेवड्याची आमटी, पण तिच्यात डुकराचे मांस असतेच. पोतेसकडचा ‘कोसिदो’ हा हरभऱ्यांचा असला तरी त्याचीही तीच गत आहे. भाजीचे सूप म्हणून समोर आलेल्या वाडग्यातही हॅमचे तुकडे निघतात, आणि वाढणाऱ्याच्या मनात त्यात काही गैर नसते, कारण ‘मांस नको’ या शब्दांत हॅम आणि मासे येतात असे तिथे गृहीत धरले जात नाही. म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ असे तिन्ही वेगवेगळे सांगावे. अंडी चालत असतील तर बटाट्याचे जाड ‘तोर्तिया’ सर्वत्र मिळते. दुपारचे जेवण साधारण दोननंतर आणि रात्रीचे नऊच्या पुढे सुरू होते, त्यामुळे चालून आल्यावर लागलेल्या भुकेसाठी पाव, फळे आणि सुका मेवा जवळ असावा.

चीजची गोष्ट वेगळी आहे, कारण ते याच दगडाचे अपत्य आहे. काब्रालेस चीज गाईच्या, किंवा गाईच्या दुधात शेळी-मेंढीचे दूध मिसळून केले जाते आणि किमान दोन महिने डोंगरातील नैसर्गिक गुहांत मुरवले जाते. चुनखडीच्या भेगांतून या गुहांत सतत गार, दमट हवेचा झोत येत असतो. त्या झोतांना तिथे ‘सोप्लाओस’ असे नाव आहे. त्या हवेतच चीजमध्ये निळी-हिरवी बुरशी पसरते. आरेनासमध्ये अशी एक गुहा पाहण्यासाठी खुली आहे. आत शिरताच वास नाकात जातो आणि बाहेर आल्यावर बराच वेळ कपड्यांत राहतो. चव अतिशय तीव्र असते. पहिला घास नखाएवढा घ्यावा. मात्र पारंपरिक चीजसाठी दूध विरजताना प्राणिज रेनेट, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेले विरजण, वापरले जाते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी गुहा पाहावी आणि चीज दुकानातच ठेवावे.

प्रश्न : आईला फार चालवत नाही. तिला डोंगर वरून दाखवायचा आहे.

उत्तर : फुएंते देचा रोपवे तिच्यासाठीच आहे. १९६६ मध्ये सुरू झालेला हा रोपवे मध्ये एकही खांब नसताना ७५३ मीटर उंची चार मिनिटांच्या आत चढतो आणि १,८२३ मीटरवर सोडतो. वर बाहेर पडल्यावर थंडी अचानक लागते, म्हणून आईसाठी जाड स्वेटर हातात ठेवावा, सामानात नव्हे. तिकिटे आधी काढावीत आणि पहिल्या फेऱ्यांपैकी एक गाठावी, अन्यथा ऑगस्टमध्ये रांगेत दोन-तीन तास जाऊ शकतात. घरातील चालणाऱ्या मंडळींनी वरून आलिवाच्या कुरणांतून खाली उतरावे. जवळजवळ पूर्ण उताराची, सुमारे १४ किलोमीटरची, रुंद आणि निर्धोक वाट आहे.

उत्तर बाजूला बुल्नेस हे दुसरे ठिकाण. या गावाला आजही मोटाररस्ता नाही. २००१ पासून पोंसेबोसहून डोंगराच्या पोटातून दोन किलोमीटरहून लांब बोगद्यातून रुळांची गाडी वर जाते आणि सात मिनिटांत पोहोचते. ज्यांना चालायचे असेल त्यांच्यासाठी जुनी पाऊलवाट दीड तासाची आहे. आईला गाडीने पाठवून आपण चालत जावे.

प्रश्न : व्हिसा, विमा आणि बसची सोय याविषयी थोडक्यात सांगाल का? आम्ही परदेशात गाडी चालवत नाही.

उत्तर : स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि पंधरा दिवस आधी ही शेवटची मुदत असते. उन्हाळ्यापूर्वी अर्जांची गर्दी होते, तेव्हा शेवटच्या मुदतीचा विचारही करू नये. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. त्यात डोंगरातील पायी भटकंती आणि तिथून सोडवून आणण्याचा खर्च धरला आहे का, हे वाचूनच सही करावी. उद्यानात प्रवेशशुल्क नाही.

ओविएदोहून कांगास दे ओनिस आणि आरेनासपर्यंत, तसेच सांतांदेरहून पोतेसपर्यंत बस जाते. उन्हाळ्यात पुढे डोंगराच्या तोंडापर्यंतही बसची सोय असते. इतर महिन्यांत शेवटच्या काही किलोमीटरसाठी टॅक्सी ठरवावी लागते. बसवर अवलंबून असणाऱ्यांनी उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजू एका सहलीत करण्याचा हट्ट धरू नये.

प्रश्न : कोणता महिना निवडावा? आणि धुक्यात वाट चुकल्यास काय करायचे? माझ्या मुलाची सर्वांत मोठी काळजी तीच आहे.

उत्तर : जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत बहुतेक वाटा चालण्याजोग्या असतात. जूनमध्ये कुरणे फुललेली असतात, पण उंचावरील सावलीच्या घळींत कडक बर्फ शिल्लक असतो. ऑगस्टमध्ये वाटा कोरड्या असतात आणि माणसांनी भरलेल्या असतात. माझी पसंती सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याला आहे. जून-जुलैमध्ये मात्र एक लाभ मिळतो : सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, त्यामुळे थोडा उशीर झाला तरी अंधार लगेच गाठत नाही.

धुक्याची काळजी आपल्या मुलाने करणे योग्य आहे. समुद्र इतका जवळ असल्यामुळे ढग दुपारी दऱ्यांतून वर चढतात, आणि स्वच्छ ऊन असलेल्या जागी अर्ध्या तासात दहा पावलांपुढचे दिसेनासे होते. चांगल्या दिवशी आपण ढगांच्या वर असतो आणि खाली पांढरा समुद्र पसरलेला दिसतो; वाईट दिवशी आपण त्या समुद्रात असतो.

खुणा आधी समजून घ्याव्यात. छोट्या वाटांवर पांढरा आणि पिवळा असे दोन आडवे पट्टे, तर लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा आणि तांबडा असे पट्टे रंगवलेले असतात; त्याच रंगांची फुली दिसली की ती वाट आपली नव्हे. उंचावरील उघड्या कातळावर रंगाऐवजी एकावर एक रचलेल्या दगडांच्या लहान लगोऱ्या असतात. एक लगोरी दिसल्यावर पुढची दिसेपर्यंत पहिली नजरेआड करू नये. दोघे असाल तर एकाने पहिल्या लगोरीपाशी उभे राहावे आणि दुसऱ्याने हाकेच्या अंतरात पुढची शोधावी. वेळ लागतो, पण वाट सुटत नाही. मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्यावा, कारण घळयांत आणि खोलगट भागांत नेटवर्क नसते. संकटात ११२ हा क्रमांक लावायचा असतो, आणि तो लागण्यासाठी काही वेळा धारेवर परत चढावे लागते.

आणि खुणा खरोखरच हरवल्या तर एक गोष्ट कटाक्षाने टाळावी : पाण्याच्या वाटेने खाली उतरणे. इतर डोंगरांत ओढ्याच्या कडेने उतरत गेले की गाव लागते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चुनखडीत ओढा मध्येच जमिनीत नाहीसा होतो आणि त्याची कोरडी घळ शंभर-दोनशे मीटरच्या कड्यावर जाऊन तुटते. त्यापेक्षा शेवटच्या ओळखीच्या लगोरीपाशी परत जावे, असतील नसतील ते सगळे कपडे अंगावर चढवावेत, सॅक बुडाखाली घेऊन बसावे आणि धुके विरण्याची वाट पाहावी. संध्याकाळच्या सुमारास हवा गार झाली की ते बहुधा खाली बसते.